तसबिरीचा घोटाळा

संगीत नाटकात पद सुरू झालं की विनोद थांबतो, ही तक्रार जुनी आहे. कराडला ‘संगीत संशयकल्लोळ’चा प्रयोग पाहताना मला मात्र ते थांबणंच आवडलं.

नाटक ओळखीचं. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतात, ते त्यांची बायको कृत्तिका पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि ती निरखताना तिला फाल्गुनराव पाहतात. झालं! मग कुणाचाच कुणावर विश्वास नाही. पुरुषांना महिन्यांची नावं, बायकांना नक्षत्रांची; म्हणजे सगळं पंचांगच भांडायला उठलेलं. माझ्या शेजारच्या आजींना पुढचं वाक्य आधीच पाठ होतं, तरी त्या पदराआड हसत होत्या.

मोलियरचं १६६० सालचं फ्रेंच प्रहसन आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकावाटे गोविंद बल्लाळ देवलांच्या हाती आलं. देवल हरिपूरचे. कराडहून निघालेली कृष्णा त्यांच्याच गावाशी वारणेला भेटते. आधी त्यांनी हे गद्यात लिहिलं, पदं नंतर घातली. गंधर्व नाटक मंडळीने १९१६ साली ते रंगभूमीवर आणलं. देवल गेले तेही त्याच वर्षी.

त्याच्या शंभर वर्षं आधी, १८१६ साली, रोममध्ये रोसिनीचा ‘द बार्बर ऑफ सेव्हिल’ हा विनोदी ऑपेरा आला. मी तो चित्रफितीवर पाहिला आहे. तिथे विनोदच गातो. एखाद्याची बदनामी कशी पसरवावी हे बाझिलियो गाऊन सांगतो, तेव्हा वाद्यमेळही कुजबुजीपासून तोफेच्या धडाक्यापर्यंत चढत जातो. पहिल्या अंकाच्या शेवटी तर सगळी पात्रं एकदमच आपापला गोंधळ गातात. आपल्याकडे एकजण गातो, बाकीचे उभे. गाण्याचा मुख्य भार अश्विनशेठ आणि रेवतीवर. फाल्गुनराव-कृत्तिकेची सारी मजा बोलण्यात.

ही वाटणी मला फार शहाणपणाची वाटते. फाल्गुनराव कितीही संशय घेवोत, रात्री परतायला त्यांना घर आहे, कृत्तिकेलाही आहे. रेवती नायकिणीची मुलगी. अश्विनशेठचं मन फिरलं तर तिचं लग्नच गेलं, आणि तिच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? म्हणून ती गाते तेव्हा विनोदाने थोडं बाजूला उभं राहावं. त्या रात्री मघापासून खिदळणारी मागची रांगसुद्धा गप्प झाली. ‘वन्स मोअर’ आलाच. ऑर्गनवाल्यांनी पुन्हा सूर धरला, आणि विंगेत फाल्गुनराव उपरणं सावरत आपल्या पाळीची वाट पाहत राहिले.