लहान शेतीचा लहान ट्रॅक्टर

शहरांत नोकरी-व्यवसाय करणाऱ्या ज्या कुटुंबांची वडिलार्जित शेती खेडेगांवीं आहे, त्यांच्या घरीं सुटीच्या दिवसांत एक विषय हमखास निघतो. बैलजोडी पोसवत नाहीं, गडीमाणसें मिळत नाहींत, आणि ऐन पेरणीच्या वेळीं भाड्याचा ट्रॅक्टर दुसऱ्याच्या शेतांत असतो. तेव्हां स्वतःचाच एक लहानसा ट्रॅक्टर कां घेऊं नये? प्रश्न स्वाभाविक आहे. मात्र त्याचें उत्तर दुकानांतील रंगीत पत्रकावरून देतां येत नाहीं. त्याकरितां प्रथम शेत पाहावें लागतें, मग वही घेऊन हिशेब मांडावा लागतो, आणि यंत्र पाहण्याची पाळी त्यानंतर येते. हा क्रम उलटला म्हणजे यंत्र दारीं उभें राहतें व त्याचे हप्ते शेताच्या डोक्यावर बसतात.

१९४७ सालीं स्थापन झालेल्या मध्यवर्ती ट्रॅक्टर संघटनेनें कांस गवतानें माजलेल्या जमिनी मोडण्यासाठीं मोठमोठीं यंत्रें कामाला लावलीं, आणि १९४९ सालीं जागतिक बँकेनें त्याच कार्याकरितां भारताला एक कोटि डॉलरांचें कर्ज दिलें. त्या वेळीं बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडांत मोडत असे, आणि ट्रॅक्टर ही सरकारनें बाळगण्याची वस्तु होती. १९५९ सालीं आयशर कंपनीचा देशांत बनलेला पहिला ट्रॅक्टर फरीदाबादच्या कारखान्यांतून बाहेर पडला. आज महिंद्राचा ‘युवराज २१५’ व स्वराजचा ‘७१७’ हे १५ अश्वशक्तीच्या आसपासचे, तर महिंद्राचा ‘जिवो २४५’ व कुबोटाचा ‘निओस्टार बी २४४१’ हे २४ अश्वशक्तीचे व चारही चाकांना गति देणारे, असे लहान ट्रॅक्टर बाजारांत आहेत. लहान यंत्रांना मागणी येण्याचें कारण लहान शेतांत आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें महाराष्ट्रांतील खातेदाराचें सरासरी क्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांहून थोडेंसेंच अधिक भरतें.

बुलढाणा जिल्ह्यांत घाटावरचे तालुके व घाटाखालचे तालुके असा भेद लोक रोजच्या बोलण्यांत करतात, आणि ट्रॅक्टरच्या निवडींतहि तो भेद महत्त्वाचा आहे. घाटाखालीं मलकापूर, नांदुरा, शेगांव या बाजूस पूर्णेच्या खोऱ्यांतील खोल काळी जमीन पसरली आहे. ती उन्हाळ्यांत भेगाळते, पावसाळ्यांत चिकटते, आणि वाफसा आला कीं फार थोडे दिवस कामाला सांपडते. अशा जमिनींत मागचीं दोनच चाकें ओढणारा हलका ट्रॅक्टर चिखलांत जागच्या जागीं फिरत राहतो. तेथें चारही चाकांची ओढ उपयोगी पडते व तिच्यासाठीं मोजलेली जादा किंमत वाया जात नाहीं. घाटावर चिखली, मेहकर, सिंदखेड राजा या बाजूस हलक्या, मध्यम व उताराच्या जमिनी पुष्कळ. तेथें रुतण्यापेक्षां उलटण्याचें भय अधिक, म्हणून खालीं बसकें वजन व पसरतां येणारीं चाकें यांना मान द्यावा.

यानंतर कामांची यादी करावी. उन्हाळ्यांतील खोल नांगरट हें वर्षांतून एकदांच, किंबहुना दोन-तीन वर्षांतून एकदां करावयाचें काम आहे. परंतु पुष्कळसे ग्राहक त्या एका कामाकडे पाहून ४५ किंवा ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेतात, आणि उरलेलें वर्षभर त्या हत्तीकडून शेळीचीं कामें करवून घेतात. याच्या उलट कांहीं जण १५ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घेऊन त्यालाच भारी काळ्या जमिनींत खोल नांगर ओढावयास लावतात व पहिल्या दोन वर्षांतच त्याची कंबर मोडतात. शहाणपणाचा मार्ग असा कीं, खोल नांगरटीपुरता मोठा ट्रॅक्टर भाड्यानें आणावा. आणि वखरणी, पेरणी, डवरणी, फवारणी, माल वाहणें हीं जीं वारंवार व वेळेवर करावयाचीं कामें आहेत, त्यांच्या मापानें स्वतःचा ट्रॅक्टर निवडावा.

पिकांच्या ओळींचें माप हें दुकानांत सहसा विचारलें न जाणारें, पण फार उपयोगी माप आहे. सोयाबीन साधारणतः ४५ सेंटिमीटर अंतरावर पेरतात. ट्रॅक्टरच्या दोन चाकांच्या मध्यांतील अंतर ९० सेंटिमीटर ठेवतां आलें, तर दोन ओळी चाकांच्या मधोमध येतात व दोन्ही चाकें मोकळ्या पट्ट्यांतून जातात. चाक २१ सेंटिमीटर रुंद असेल तर प्रत्येक बाजूस १२ सेंटिमीटर जागा उरते. चाक त्याहून बरेंच रुंद असेल तर पीक तुडविलें जातें. कपाशीला ओळींचें अंतर अधिक असतें, तथापि झाड उंच होतें. ट्रॅक्टरचें पोट झाडाच्या शेंड्याला लागूं लागलें म्हणजे डवरणी पुन्हां बैलांकडे जाते. म्हणून चाकांचें अंतर कितपत कमीजास्त होतें व पोटाखालीं किती मोकळी जागा आहे, हीं दोन मापें ग्राहकानें स्वतः फूटपट्टी लावून घ्यावींत.

अश्वशक्तीच्या आंकड्याविषयींहि थोडें सावध असावें. पत्रकांत छापलेली शक्ति बहुधा इंजिनाची असते. मागच्या फिरत्या दांड्यापर्यंत, ज्यावर रोटाव्हेटर व फवारणीयंत्र चालतें, पोंचतांना तींतील शेकडा १० ते १५ भाग गळून जातो. ओढीच्या कामांत याहूनहि अधिक. मध्यप्रदेशांत बुदनी येथें केंद्रसरकारची ट्रॅक्टर तपासणारी संस्था आहे. तेथील अहवालांत दांड्यावरील शक्ति, इंधनाचा खप, उचलण्याची क्षमता वगैरे गोष्टी मोजून दिलेल्या असतात. विक्रेत्याकडे त्या अहवालाची प्रत मागावी, आणि दोन ट्रॅक्टरांची तुलना तिच्या आधारें करावी. उचलण्याच्या क्षमतेचा आंकडाहि नीट समजून घ्यावा. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो वजन. त्यांत टांकी व पंप यांचें वजन मिळवावें लागतें, आणि हें ओझें जितकें मागें लोंबेल तितकी ट्रॅक्टरची पुढची बाजू हलकी होते. ७५० किलो उचलणारा ट्रॅक्टर घेतला म्हणजे मागें ७५० किलो लादून बांधांवरून हिंडावें असा अर्थ होत नाहीं.

आतां हिशेब. उदाहरणादाखल एक कुटुंब कल्पावें. चिखली तालुक्यांत ८ एकर जमीन, दोघे भाऊ पुण्यास नोकरीला, आणि गांवीं चुलतभाऊ शेती पाहणारा. ट्रॅक्टर ५ लाखांचा व अवजारें दीड लाखाचीं, मिळून साडेसहा लाख रुपये झाले असें धरावें. दहा वर्षांनीं सर्व विकून दीड लाख आले तर घसारा दरसाल ५० हजार. गुंतलेल्या पैशाची सरासरी ४ लाख. तिच्यावर शेकडा ९ दरानें व्याज ३६ हजार. विमा व दुरुस्ती १४ हजार. एकूण बरोबर एक लाख रुपये दरसाल, आणि डिझेल व हांकणाऱ्याची मजुरी यांत आलेलीच नाहीं.

या ८ एकरांत काम किती? खरिपाची पूर्वमशागत १२ तास, पेरणी ८, दोन डवरण्या १६, चार फवारण्या १६, रब्बीची तयारी व पेरणी १६, माल वाहणें ३२. सर्व मिळून १०० तास. म्हणजे यंत्र नुसतें सुरू करण्याची किंमत तासाला १ हजार रुपये पडली. शेजाऱ्यांचें ४०० तास काम आणखी मिळालें, तर दुरुस्ती २० हजारांनीं वाढेल असें धरूनहि १ लाख २० हजारांस ५०० तासांनीं भागावें लागेल, आणि दर २४० रुपयांवर येईल. यंत्र तेंच, कर्जहि तेंच. फरक केवळ कामाच्या तासांचा. गांवांत भाड्याचा दर काय आहे हें विचारून ही बेरीज प्रत्येकानें स्वतःच्या आंकड्यांनीं करावी.

हाच हिशेब पिकाच्या भाषेंत मांडला म्हणजे अधिक स्पष्ट होतो. २०२५-२६ च्या खरिपासाठीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. तो भाव पूर्ण हातीं आला असें मानलें, तरी एक लाख रुपये म्हणजे सुमारें १९ क्विंटल सोयाबीन. एकरी ६ क्विंटल पिकलें तर ८ एकरांत ४८ क्विंटल होतें. म्हणजे पांच पोत्यांतील जवळजवळ दोन पोतीं ट्रॅक्टरच्या नांवें निघालीं. आणि बीं, खत, औषध, मजुरी यांचीं पोतीं अजून वेगळीं काढावयाचीं आहेत. ज्या वर्षीं पाऊस दगा देईल त्या वर्षीं हीं दोन पोतीं कोठून येणार, याचें उत्तर कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वीं घरांतील सर्वांनीं मिळून द्यावें. २००६ सालीं पंतप्रधानांनीं विदर्भांतील ज्या सहा जिल्ह्यांसाठीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें विशेष साहाय्य जाहीर केलें, त्यांत बुलढाणा जिल्हा होता. त्या दुःखाचीं कारणें अनेक. परंतु शेताला न झेपणारें कर्ज हें त्यांपैकीं एक होतें, याविषयीं दुमत नाहीं. शहरांतील भावाचा पगार हप्ता भरूं शकतो; गांवींच राहणाऱ्या भावाला तो आधार नसतो. म्हणून हप्ता कोणाच्या नांवें, डिझेल कोणाचें, आणि भाड्याचें उत्पन्न कोणाचें, हें आरंभींच लिहून ठेवणें नात्यालाहि हितावह आहे.

खर्च कमी करण्याचे कांहीं सरळ मार्ग आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील वस्तु व सेवा कर शेकडा १२ वरून ५ वर आला. ५ लाखांच्या मूळ किंमतीवर त्यामुळें ३५ हजार रुपये वांचतात. जुन्या दराचें पत्रक कोणी दाखविल्यास तें स्वीकारूं नये. कृषियांत्रिकीकरणाच्या योजनेखालीं अनुदान मिळूं शकतें, मात्र पूर्वसंमति हातीं येण्याआधीं खरेदी केली तर तें हुकतें. अर्ज आधीं व पावती नंतर, हा क्रम पाळावा. अनुसूचित जाति व नवबौद्ध यांच्या बचतगटांसाठीं राज्याच्या सामाजिक न्याय विभागानें २०१२ सालीं लहान ट्रॅक्टरची निराळी योजना काढली. तींत साडेतीन लाखांच्या मर्यादेंत शेकडा ९० अनुदान ठेवलें होतें. त्या योजनेचा धडा सर्वांनाच घेण्याजोगा आहे: लहान ट्रॅक्टर एकाच घराला न देतां गटाला द्यावा, म्हणजे त्याला तास मिळतात. चार शेजारी वा चुलतभाऊ एकत्र आले तर हीच गोष्ट सरकारी मदतीशिवायहि साधते. पेरणीच्या वेळीं पाळी कोणाची, हें मात्र मृगाच्या आधींच ठरलेलें असावें.

जुना ट्रॅक्टर घेणाऱ्यानें तो सकाळीं, इंजिन थंड असतांना, स्वतःसमोर सुरू करवावा. अवजार वर उचलून इंजिन बंद करावें व दहा मिनिटें पाहावें. अवजार झरझर खालीं आलें तर उचलयंत्र झिजलेलें आहे. पाण्यांत तेल वा तेलांत पाणी दिसतें काय हें पाहावें, आणि नोंदणीपुस्तकावर बँकेचा बोजा उतरला असल्याची खात्री करून घ्यावी. नवा असो वा जुना, त्याचे सुटे भाग व जाणता कारागीर आपल्या तालुक्याच्या गांवीं आहे कीं नाहीं, हा प्रश्न रंगरूपापेक्षां मोठा आहे. वाफशाचे चार दिवस एका रबरी वायसरची वाट पाहण्यांत गेले, तर स्वस्तांत घेतलेला ट्रॅक्टर सर्वांत महाग ठरतो.

आणखी एक गोष्ट घरांतील वडीलधाऱ्यांनीं आग्रहानें पाळावी. मागचा फिरता दांडा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. धोतराचा सोगा, लुगड्याचा पदर किंवा गळ्यांतील शेला त्यांत अडकला तर माणसाला ओरडण्यासहि अवधि मिळत नाहीं. त्यावरील आच्छादन काढून ठेवूं नये, आणि मुलांना चाकावरच्या पंख्यावर बसवूं नये.

इतकें सर्व पाहून झाल्यावर उत्तर ‘घ्यावा’ असेंहि येईल, आणि ‘तूर्त भाड्यानेंच चालवावें’ असेंहि येईल. दुसरें उत्तर आलें म्हणून कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. तालुक्यांतील शेतकरी-गटांच्या अवजार-केंद्रांतून एक हंगाम ट्रॅक्टर भाड्यानें आणावा, कोणत्या कामाला किती तास व किती डिझेल लागलें तें वहींत टिपावें, आणि दिवाळीला सारे भाऊ गांवीं जमतील तेव्हां ती वही उघडून पुन्हां एकदां बेरीज करावी. ट्रॅक्टर पुढील वर्षीहि मिळतो. गहाण पडलेली जमीन सोडवून घेण्यास मात्र कधीं कधीं एक पिढी जाते.