मैदान राखणारा माणूस
(जीर्णोद्धार समारंभात झालेले भाषण)



या स्मरणिकेत देणगीदारांची नावे आकड्यांसह छापली आहेत, ते योग्यच आहे. परंतु एका माणसाचे नाव त्यांच्याच इच्छेवरून यादीत घातलेले नाही, आणि ते येथेही घ्यायचे नाही अशी त्यांची ताकीद आहे. तरी ‘कप्तान’ म्हटले की गावातल्या लहान पोरालाही कळते.

कप्तान सोळाव्या वर्षी मारुतीसमोरच्या याच पटांगणात पहिल्या चढाईला गेले. तेव्हा गावात या खेळाला हुतूतूच म्हणत. दिवसभर शेतातले काम आणि दिवेलागणीला मैदान, असा क्रम पंधरा वर्षे चालला. पुढे एका पकडीत गुडघा कायमचा दुखावला. खेळणे सुटले, पण मैदान सुटले नाही. ते संघाचे व्यवस्थापक झाले, पंचाची परीक्षा उत्तीर्ण झाले, आणि दरवर्षी हनुमान जयंतीच्या स्पर्धा भरवू लागले.

व्यवस्थापक म्हणजे काय, हे त्यांच्या घरच्यांना विचारावे. पावतीपुस्तक घेऊन दारोदार वर्गणी मागणे, किलोगटाच्या स्पर्धेआधी पोरांची वजने धान्याच्या काट्यावर करून घेणे, रात्री टेम्पोतून संघ सुखरूप परत आणणे, हे सारे त्यात आले. परगावचा संघ आला की घरटी दोन गडी जेवायला वाटून देत. जास्तीचे गडी कप्तानांच्या घरी जात, आणि त्यांच्या मंडळींनी चुलीपुढे त्याबद्दल कधी कपाळाला आठी घातली नाही. त्या माउलीचा या कार्यात अर्धा वाटा आहे.

अशाच माणसांच्या जोरावर आपला हा मातीतला खेळ मोठा झाला. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तेथे त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत तो प्रदर्शनीय खेळ म्हणून झाला, आणि १९९० साली बीजिंगला त्यास पदकाच्या खेळाचा मान मिळून भारताने सुवर्णपदक जिंकले. यामागे कबड्डीमहर्षी शंकरराव तथा बुवा साळवी यांचे आयुष्य खर्ची पडले. त्यांचा १५ जुलै हा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. बुवांचे कार्य देशभर होते, कप्तानांचे एका पटांगणापुरते. पण दोघांची जात एकच.

आता थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे. जीर्णोद्धाराचा पहिला आराखडा आला तेव्हा सगळ्या पटांगणात फरशी बसवायची होती. पावसाळ्यात चिखल होतो, दर्शनाला येणाऱ्या आयाबायांची गैरसोय होते, हे म्हणणे खोटे नव्हते. फरशीसाठी देणगीही कबूल झाली होती. पण फरशीवर कबड्डी खेळता येत नाही. पोर आपटले तर हाड मोडेल.

कप्तान सभेला आले ते भांडायला नव्हे. त्यांनी जुनी जमाखर्चाची वही समोर ठेवली. कोणत्या वर्षी बक्षिसाच्या रकमेतून देवळाची कौले बदलली, कोणत्या वर्षी समईचे तेल भरले, हे पानोपानी लिहिलेले होते. नंतर टेप धरून त्यांनी तेरा मीटर बाय दहा मीटर जागा मोजून दाखवली, भोवती गडी सावरायला सोडायची जागाही दाखवली, आणि दर्शनाच्या वाटेला फरशी घालूनही मैदान कसे उरते ते सांगितले. समितीने दुसरा आराखडा केला. ज्या देणगीदारांनी आपली रक्कम पूर्ण फरशीऐवजी वाटेसाठी आणि पाण्याच्या चरीसाठी वापरू दिली, त्यांचा मोठेपणाही येथे नमूद केला पाहिजे.

मैदान वाचले. पण त्यावर फक्की कोण मारणार? गेल्या हनुमान जयंतीला कप्तान काठी टेकत रेषा आखत होते, आणि दोन वेळा मध्येच खाली बसले. पोरे भोवती उभी राहून मोबाईलमध्ये पाहत होती. हे लाजिरवाणे आहे, आणि त्यात दोष पोरांचा एकट्यांचा नाही. त्यांच्या हाती घमेले कोणी दिलेच नाही.

कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो, आणि आपल्या संघाने गुण मिळवला की पुन्हा आत येतो. जे जुने खेळाडू आज संसारात आणि नोकरीत बाहेर बसले आहेत त्यांनी आता आत यावे. आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तरी पुरे. कप्तानांची वही देवळाच्या कपाटात ठेवली आहे. तिची पुढची पाने कोरी आहेत. ती कोणी लिहायची हे आज येथून उठण्यापूर्वी ठरावे, हीच कप्तानांना खरी देणगी ठरेल.

बोला, बजरंगबली की जय!