आईचा धंदा लिहून ठेवा



मावळात कान्हे फाट्यावरून टाकवे बुद्रुकला वळलं की गावात शिरेपर्यंत श्रद्धांजलीचे दोन-चार फलक लागतातच. एखाद्या आजीचा, आईचा फोटो आणि खाली 'प्रेमळ, मायाळू, कष्टाळू'. त्यातली एखादी बाई वर्षानुवर्षं पापड-कुरडया विकत असते, मसाला करून देत असते, कामशेतच्या बाजारात हातसडीचा तांदूळ नेत असते. पण फलकावर धंद्याचं नाव नाही. मायाळू होतीच हो! पण ती व्यवसायही करत होती, हे कोण सांगणार?

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. आईची आठवण ठेवायची तर तिचा धंदाही लिहा.

आपल्याच पुणे जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. दौंड तालुक्यातल्या खुटबावच्या कमलताई परदेशी. शेतमजुरी करणारी बाई. बचत गटातल्या मैत्रिणींना घेऊन त्यांनी मसाले करायला घेतले आणि 'अंबिका मसाला' मोठ्या शहरांतल्या दुकानांच्या फडताळांवर नेऊन बसवला. जानेवारी 2024 मध्ये त्या गेल्या. त्यांची बातमी वर्तमानपत्रांत आली म्हणून आपल्याला नाव तरी ठाऊक. आणखी एक कमलबाई पुण्यातल्या. कमलबाई आणि हुकमीचंद चोरडिया, 1962 साली सुरू झालेला प्रवीण मसालेवाले. आणि तिसऱ्या, 'रुचिरा'वाल्या कमलाबाई ओगले. त्यांचं पुस्तक 1970 साली आलं. त्यांनी निराळं काय केलं? वाटी-चमच्याचं माप कागदावर आणलं. म्हणून त्यांचा हात आजही घरोघरी आहे.

आता मसाल्यातलं डोकं बघा. रंगाला ब्याडगी, तिखटाला लवंगी, हे तुम्हाला मी काय सांगावं! पण कोणती किती? भाव चढला की कशात काटकसर करायची आणि कशात मुळीच नाही? देठ काढून, उन्हात वाळवून मिरचीत घट येते. ती घट, कांडपाची मजुरी, पिशवीचा खर्च, सगळं धरून किलोचा दर काढायचा. आणि हा सगळा हिशेब पोरांचे डबे भरता भरता, तोंडी! याला नुसती हाताची चव म्हणून मोकळं होऊ नका. चव असतेच, पण ही कल्पकता आहे, आणि व्यवहारही.

विरजणाचं बघा ना. दही छान लागलं की सगळे दह्याचं कौतुक करतात, विरजणाला कोणी विचारत नाही. पण शहाणी बाई भांडं घासायला टाकण्याआधी चमचाभर दही बाजूला काढून ठेवते. विसरलीच, तर वाटी घेऊन शेजारी जाता येतं. आईच्या मापाचं तसं नाही. तिच्या मसाल्याचं विरजण शेजारणीकडे मिळत नाही. भांडं घासायच्या आधीच काढून ठेवावं लागतं. पुन्हा सांगते, आधीच! दहाव्याला जमलेली मंडळी म्हणतात, "तिच्यासारखी कुरडई कोणाची नाही." खरं आहे. पण चीक किती शिजवायचा, मीठ कधी घालायचं, हे तिला विचारलं होतं का कोणी?

आपल्या मावळात भाताच्या वाणाची वंशावळ मिळते. इंद्रायणी 1987 साली वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आला, आंबेमोहर-157 आणि आयआर-8 यांच्या संकरातून, हे नोंदलेलं आहे. तांदळाचे आई-बाप ठाऊक, आणि तोच तांदूळ विकून ज्या आईनं फी भरली तिच्या नावापुढे अर्जात काय? व्यवसाय : गृहिणी. तो अर्ज आपण मुलांनीच भरलेला असतो, बरं का. शिकलेल्या मुलांनी!

आणखी एक मनात होतं. बायकांच्या उद्योगांना नावं देवींची, अंबिका म्हणा, प्रेमाताई पुरवांचं 1975 चं अन्नपूर्णा महिला मंडळ म्हणा. देवीचं नाव शुभ, त्याबद्दल तक्रार नाही. पण बाईनं स्वतःचं नाव पाकिटावर घालायला इतका संकोच का करावा, आणि घरचेही... असो.

तेव्हा मुद्दा राहून जायला नको. आणि मुलग्यांनो, तुम्हालाही सांगतेय, फक्त लेकींना नाही. मार्च-एप्रिलात आई मिरच्या निवडायला बसेल, तेव्हा वही घेऊन तिच्या शेजारी बसा. "अंदाजानं घालते" असं म्हणेल, सोडू नका. तिच्या मुठीतलं वजनकाट्यावर घालून लिहा. दर कसा काढते ते विचारा, पहिलं गिऱ्हाईक कोण होतं ते विचारा. वहीच्या पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव घाला आणि नावाखाली लिहा : व्यवसाय, मसाले.