पेजवर नाव आपलंच

(बीड येथे नव्याने व्यवसाय सुरू करणाऱ्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

 

मला विषय दिलाय, सोशल मीडियावरून धंदा कसा वाढवायचा. मी कुठला कोर्स केलेला माणूस नाही. आम्ही बागवान, फळांचा व्यापार आजोबांपासूनचा. फेसबुकवर आमचं पेज आहे, इन्स्टाग्रामवर आहे, आणि खरी देवाणघेवाण होते ती व्हॉट्सॲपवर. हंगामात सीताफळ, एरवी जे फळ येईल ते. म्हणून मी बोलेन ते सीताफळाच्या पेटीवरून. तुम्ही त्या जागी तुमची बेकरी, तुमचं शिवणकाम, तुमचं गॅरेज ठेवून ऐका.

बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ म्हणजे आपल्या जिल्ह्याचं नाव. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. पण हे फळ थांबत नाही. डोळे उघडले की तोडायचं, आणि तोडल्यावर तीन-चार दिवसांत ते पिकतं. कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवलं तर काळं पडतं. म्हणजे सकाळी आडतीवर भाव ठरतो आणि संध्याकाळपर्यंत माल उरला तर तोच भाव पाडून मागितला जातो. अब्बांचं सगळं आयुष्य या घाईत गेलं. फोनने आम्हाला एकच गोष्ट दिली, पण ती मोठी आहे. फळ झाडावर असतानाच गिऱ्हाईक ठरलेलं असतं. सोमवारी स्टेटस टाकायचं, बुधवारी तोड, रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पेटी पुण्याला. सकाळी गिऱ्हाईक स्टँडवरून उचलून नेतं.

पुणंच का? कारण भोसरी, चाकण, हडपसर या भागांत आपल्या जिल्ह्यातली किती माणसं आहेत ते तुम्हाला माहीत आहे. प्रत्येकाच्या घरातलं कुणी ना कुणी तिकडे आहे. फेसबुकवर पैसे देऊन जाहिरात करताना कुठल्या गावात दाखवायची ते निवडता येतं. अख्खा महाराष्ट्र निवडू नका. जिथे तुमची पेटी पोहोचते तेवढंच निवडा. आणि हिशेब लाइकवर नाही, पेटीवर करा. समजा पाचशे रुपये जाहिरातीला घातले, नऊ पेट्या गेल्या, पेटीमागे ऐंशी सुटले, तर सातशेवीस झाले. जाहिरात वजा जाऊन हातात दोनशेवीस. तीनच पेट्या गेल्या असत्या तर खिशातले दोनशेसाठ गेले असते, मग त्या पोस्टला हजार लाइक असोत. हे गणित वहीत लिहायचं. माझी वही अजून कागदाची आहे आणि त्याचं कारण पुढे सांगतो.

पेजवर काय टाकायचं, असं मुलं विचारतात. फोनवर जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं टाका. "भैया, फळ कडक आलं, परत घ्या," असं पहिल्या वर्षी पन्नासदा ऐकलं. मग एक छोटा व्हिडिओ केला. फळ कडकच येणार, कागदात किंवा धान्यात ठेवा, रोज हलकं दाबून बघा, मऊ लागलं की खा, तोवर फ्रीजमध्ये ठेवू नका. त्यात संगीत नाही, काही नाही, माझा हात आणि एक फळ. आजही सगळ्यात जास्त तोच व्हिडिओ पुढे जातो. प्रत्येक धंद्यात असे पाच-सहा प्रश्न असतात. शिवणाऱ्या बहिणीला माप कसं घ्यायचं ते विचारतात, गॅरेजवाल्याला ऑइल कधी बदलायचं ते विचारतात. तेच तुमचं सामान.

आता भाषा. आपण घरात दखनी बोलतो, बाजारात मराठी बोलतो आणि पेज मात्र इंग्रजीत काढतो. का, ते मला कळलेलं नाही. केजचा शेतकरी, पाटोद्याची शिक्षिका, चाकणला कंपनीत असलेला आष्टीचा पोरगा, यांच्याशी तुम्ही समोरासमोर कुठल्या भाषेत बोलता? तीच लिहा. ईदच्या शिरखुर्म्याच्या सामानाची पोस्ट उर्दूत असेल तर छानच, पण तीच मराठीतही टाका, कारण शेजारच्या काकूंनाही शिरखुर्मा करायचा असतो. आणि कुठल्या तरी ॲपमधून भाषांतर करून "सर्वोत्तम गुणवत्तेची हमी" असलं काही टाकू नका. आडतीवर असं कुणी बोलत नाही. "वरचं फळ आणि तळाचं फळ एकच, पेटी उपसून बघा," असं बोलतात.

ते तळाचं फळ जरा थांबून बघू. फोटो नेहमी वरच्या थराचा असतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतलं धान्य ओलं निघालं, तेव्हा ते वर का ठेवलं नाहीस असं त्यांनी विक्रेत्याला विचारलं, ही हदीस तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. मोबाइलवर गिऱ्हाईकाला हात घालता येत नाही. म्हणून आम्ही पेटी पूर्ण उपसून तिचा फोटो पाठवतो. डागाचं फळ असेल तर डागाचं म्हणून स्वस्तात देतो, गर काढणारे ते आनंदाने घेतात. दुसरीकडचं फळ बीडचं म्हणून खपवणं तर अजिबात नको. मानांकनाचं नाव हे सगळ्या जिल्ह्याचं आहे, एका दुकानाचं नाही.

तसंच औषधाचे दावे. "शुगर बरी होते", "कॅन्सरवर रामबाण". मध, कलौंजी, खजूर विकणाऱ्या आपल्या मुलांच्या पेजवर हे सर्रास दिसतं. १९५४ चा कायदा आहे, मधुमेह आणि कॅन्सर बरा करण्याच्या जाहिरातींना त्यात बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, तुमची पोस्ट वाचून एखाद्या म्हाताऱ्या माणसाने गोळी बंद केली तर?

आता मी ज्यासाठी खरं आलोय ते बोलतो. नाव.

गेल्या काही वर्षांत आपल्यातली बरीच मुलं पेजला असं नाव देतात की कुणाचं आहे ते कळू नये. फ्रेश अमुक, नेचर तमुक. मालकाचं नाव कुठेच नाही, फोटो नाही, नंबर मित्राचा. कारण मला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे. अमक्याकडून घेऊ नका असे मेसेज फिरतात. एप्रिल २०२० मध्ये मध्य प्रदेशातल्या रायसेनच्या एका वृद्ध फळविक्रेत्याचा व्हिडिओ देशभर फिरवला गेला, जणू तो मुद्दाम कोरोना पसरवतोय. व्हिडिओ त्याआधीचा, फेब्रुवारीतला होता. पण तो फिरला तेव्हा आम्ही बीडमध्ये हातगाड्यांवर त्याची झळ सोसली. रोजचं गिऱ्हाईक लांबून वळून जायचं. तेव्हा नाव लपवावंसं वाटणाऱ्या मुलाला मी भित्रा म्हणणार नाही. आणि नाव लावण्याची सक्ती हा वेगळाच मुद्दा आहे. उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या वाटेवरच्या दुकानदारांना नावं लावायला सांगितलं होतं, त्याला सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्थगिती दिली. ते योग्यच झालं. मी सांगतोय ते स्वतःहून लावायचं.

कारण एक तर ते लपत नाही. गिऱ्हाईक पैसे पाठवायला लागलं की यूपीआयवर बँकेतलं नाव येतं. जून २०२५ अखेरपासून तर ॲपवर बँकेत नोंदलेलंच नाव दाखवायचं असा नियम झाला आहे. म्हणजे पेजवर "फ्रेश अमुक" आणि पैसे देताना "शेख" किंवा "बागवान". ज्याला तुमच्या नावाचं काही नव्हतं, त्यालाही त्या क्षणी वाटतं, यानं लपवलं का बरं? तुम्ही ज्याची भीती बाळगली तो तर तसाही जातो. जो राहिला असता तोही शंका घेऊन जातो.

आणि आपल्या जिल्ह्यात आडनाव बघण्याची सवय काही फक्त आपल्याच वाट्याला आलेली नाही. २०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या टेबलावरच्या पाट्यांवरून आडनावं काढून नुसती पहिली नावं ठेवली. ते चांगलं केलं, खाकीला जात नको. पण दुकानदाराचं काम पोलिसाच्या उलट आहे. त्याच्याकडे माणूस त्याच्या नावावर येतो. "अमुक चाचांकडचं फळ" हीच अब्बांची जाहिरात होती, तिला एक पैसा लागला नाही.

मग खोट्या व्हिडिओचं काय करायचं? तो आल्यावर खुलासा देत बसलात तर उशीर झालेला असतो. आम्ही रोज दाखवतो. सकाळी फळ निवडताना, पुसताना, पेटी भरताना. अंगावर ॲप्रन, हातात मोजे, मागे दुकानाची पाटी. दोन वर्षं ज्यानं हे पाहिलं आहे त्याला कुणी काही पाठवलं तर तो स्वतःच म्हणतो, मी या माणसाला ओळखतो. खाण्याचे पदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी करा आणि तो नंबर पेजवर ठळक लावा. उद्यमची नोंदणी फुकट होते, तिचे पैसे मागणाऱ्या एजंटला देऊ नका.

दुसरी अट कडक आहे. धंद्याच्या नंबरावरून धंदाच. कुणी कितीही डिवचलं तरी त्या स्टेटसवर राजकारण नाही, इतिहासातले राजे नाहीत, दुसऱ्याच्या श्रद्धेवर टोमणा तर नाहीच नाही. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही स्टेटसवरून काय पेटलं ते आठवा. दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. स्टेटस टाकणारा एक, आणि शटर पडली किती जणांची. तुमचं मत असावं, ते मांडावं, सनदशीर मार्गाने जरूर मांडावं. पण रागाच्या भरात रात्री एक वाजता दुकानाच्या नंबरावरून नको.

बहिणींसाठी थोडं वेगळं बोलतो. मेहंदी, शिवण, केक, लोणची, तुमच्यातल्या कितीतरी जणी घरातून करता. चेहरा दाखवायचा नसेल तर नका दाखवू, हात आणि माल पुरेसा आहे. वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस चालवा, रात्री नऊनंतर आपोआप उत्तर जाईल असं लावून ठेवा. उद्धट मेसेज आला की ब्लॉक, चर्चा नाही. पण पासवर्ड भावाकडे आणि यूपीआय नवऱ्याच्या खात्यावर, असं असेल तर तो धंदा तुमचा नाही, तुम्ही तिथे कामाला आहात. भावांनो, हसू नका, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

आता वही. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीला आपल्या जिल्ह्यात जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. सीताफळाचा हंगाम चालू होता. फोन लागत होते, पण व्हॉट्सॲप नाही. ज्यांच्याकडे गिऱ्हाइकांचे नंबर वहीत होते त्यांनी साधे फोन केले. बाकीचे हातावर हात ठेवून बसले. त्याआधी ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही सहा तासांच्या आसपास जगभर बंद पडले होते. आणि २९ जून २०२० ला टिकटॉकवर बंदी आली तेव्हा लाखो फॉलोअर असलेली मुलं एका रात्रीत शून्यावर आली. पेज भाड्याच्या जागेत आहे. नंबरांची वही तेवढी आपल्या मालकीची. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरता ना? तुमचा मेसेज त्यांनाच जातो ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे. म्हणून पेटी देताना आठवणीने सांगा, "काकू, नंबर सेव्ह करा."

चोरांचंही बघा. शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे, "आपली आजी" म्हणून ज्यांचे रेसिपीचे व्हिडिओ घराघरात गेले, त्यांचं यूट्यूब चॅनेल ऑक्टोबर २०२० मध्ये हॅक झालं होतं. काही दिवसांत परत मिळालं, पण त्यांची बातमी झाली होती. आपली होणार नाही. "तुमचं पेज बंद होणार आहे, इथे क्लिक करा," असा मेसेज आला की तो चोर समजा. "फौजी बोलतोय, वीस पेट्या पाहिजेत, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील," हाही चोरच. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. गेलेच तर लगेच १९३०.

पुरे झालं माझं. आता सगळ्यांनी फोन काढा. आधी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन पायऱ्यांचं लॉक चालू करू. मग शेजाऱ्याला तुमचा क्यूआर स्कॅन करायला सांगा आणि त्याच्या स्क्रीनवर कुणाचं नाव येतं ते बघा. ते नाव तुमच्या पेजवर कुठे आहे, ते मला एकेकानं येऊन दाखवा. मागच्या रांगेपासून सुरू करू या.