तारांकनानें गिळलेल्या आज्ञा

कर्नल म्हणजे संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा. त्याची तपासणी बहुधा दुसऱ्या यंत्रावरून करितात, आणि तपासणीसाठीं गाभा थांबविला कीं त्या यंत्राचा सारा कारभारच ठप्प होतो. म्हणून नित्याच्या आज्ञा आधींच लिहून ठेवणें बरें. विंडबग हा डीबगर सुरू करतांना ‘सी’ या पर्यायानें पहिली आज्ञा देतां येते. ‘अमुक फाईल चालव’ अशीहि ती असूं शकते.

फाईल चालविण्याच्या रीती मात्र दोन आहेत. एकींत ती ओळीओळीनें वाचली जाते. दुसरींत सर्व ओळी अर्धविरामांनीं जोडून एकच सलग आज्ञा बनते. माझी फजिती या दुसरीनें केली. पहिल्याच ओळींत तारांकन घालून मीं टीप लिहिली होती. तारांकनाची टीप अर्धविरामाला जुमानीत नाहीं, ओळ संपेपर्यंत चालते. आणि येथें तर सारी फाईलच एक ओळ झालेली! एकहि आज्ञा चालली नाहीं, चूक झाल्याची सूचनाहि नाहीं. मी आपला तासभर दोन यंत्रांमधली तार तपासीत बसलों. दोन डॉलर-चिन्हांनीं आरंभलेली टीप अर्धविरामाशीं थांबते. हल्लीं मी तीच लिहितों.