दहा मात्रांची कुपी

सुरगाणा तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी आरोग्यसेविका होते. करोना लसीकरणाची मोहीम देशात १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाली, तिचे मोठमोठे आकडे आपण वाचलेच असतील. मला सांगायचे आहे ते एका कुपीविषयी.

कोव्हिशील्ड पुण्यात तयार होई. तेथून ती नाशिकमार्गे आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या फ्रीजपर्यंत येई. तापमान सगळीकडे २ ते ८ अंश. ही साखळी काही करोनासाठी उभारलेली नव्हती. १९८५ साली बालकांचे सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले, तेव्हापासूनची ती. सकाळी आइसपॅकला घाम फुटेपर्यंत थांबायचे, मग ते पेटीत रचायचे. घाई केली तर लस गोठते, आणि गोठलेली लस टाकूनच द्यावी लागते. पेटी खांद्याला अडकवून मी पाड्यावर जायची.

माणसेही जुनीच. नियमाप्रमाणे पथक पाच जणांचे. आमच्याकडे मी, आशाताई, अंगणवाडीताई आणि शाळेचे गुरुजी. पाचवा कधी असे, कधी नसे. गरोदर बायांची तपासणी, बाळांचे डोस हेही थांबवता येत नव्हते. पाड्यावर रेंज नाही, म्हणून नावे कागदावर घ्यायची आणि रात्री केंद्रात बसून कोविनवर भरायची. तेव्हा एका मोबाइल नंबरवर चारच नावे चालत. आशाताईंचा नंबर पहिल्याच दिवशी संपला, मग गुरुजींचा.

आता कुपी. एका कुपीत दहा मात्रा. एकदा उघडली की चार तासांत संपवायची, उरेल ती टाकायची. शहरात रांग असते, तिथे हा प्रश्नच येत नाही. आमच्याकडे पाडे विखुरलेले, त्यात जुलैचा पाऊस आणि भाताची आवणी. शिवाय जून २०२१ पासून केंद्राचे नवे धोरण आले: लस वाया गेली तर राज्याच्या वाट्यावर परिणाम होणार. त्यामुळे दहा माणसे जमेपर्यंत कुपी उघडायला हात धजत नसे.

एके दिवशी चारच जण आले. त्यांत एक आजी होत्या, ओढा ओलांडून आलेल्या. दुपारपर्यंत वाट पाहिली. आशाताई चिखल तुडवत शेतांवर जाऊन आल्या, पण आवणी सोडून कुणी येईना. अफवाही होत्याच, सुई घेतली की ताप येतो आणि रोज बुडतो. ताप येई हे तर खरेच होते! शेवटी मी चौघांनाही परत पाठवले. कुणी सांगितले नव्हते, निर्णय माझाच. पुढच्या सत्राला तिघे आले. आजी आल्या नाहीत.

नोव्हेंबरमध्ये 'हर घर दस्तक' मोहीम निघाली, तेव्हा पेटी घेऊन मी आजींच्या दारात गेले. त्या नागली पाखडत होत्या. म्हणाल्या, "बाई, आज तरी देशील ना?" आजूबाजूला दुसरे कुणी नव्हते. मी घड्याळ पाहिले, कुपीवर वेळ लिहिली, सकाळी १०.४०, आणि आजींना सुई टोचली. अर्धा तास त्यांच्याजवळ ओट्यावर बसले. मग आशाताई आणि मी निघालो, वाटेतले प्रत्येक घर, प्रत्येक खळे पाहत. दुपारी २.४० पर्यंत आणखी सहा जण मिळाले. तीन मात्रा वाया गेल्या. रजिस्टरात मी तशाच लिहिल्या.