पैसा कुठे जाईल, ते आपण ठरवू

पुणे जिल्ह्याच्या भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या गावांमध्ये ज्ञान प्रबोधिनी या संस्थेने महिलांचे बचत गट उभे केले. देशात अशा गटांना बँकांशी जोडण्याचे काम नाबार्ड या राष्ट्रीय बँकेने 1992 मध्ये सुरू केले. गट पंचसूत्रीवर चालतो: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशोब. 20 जणींनी दरमहा 100 रुपये टाकले, तर वर्षात 24 हजार जमतात. त्यातून घेतलेल्या कर्जाचे व्याजही सावकाराकडे न जाता गटातच राहते.

कर्ज आधी कशासाठी द्यायचे, हे सगळ्याजणी बसून ठरवतात. आजारपण, भातलावणीची मजुरी, मुलीची फी, की लग्नातला मानपान? हाच प्रश्न घरातही विचारायला हवा. पगार किंवा दुधाचे पैसे हाती आले, की सर्वांनी एकत्र बसावे. आपल्याला मोलाच्या वाटणाऱ्या दोन-तीन गोष्टी वहीत लिहाव्यात. त्यांचे पैसे आधी बाजूला काढावेत, उरलेल्यात बाकीचा खर्च बसवावा. महिनाअखेरीस वही पुन्हा वाचावी. पैसा खरोखर त्याच गोष्टींवर गेला का, हे तिथे स्पष्ट दिसेल. या महिन्यापासूनच सुरुवात करा.